केंद्र सरकार नावाचे गिऱ्हाईक

केंद्र सरकारला माल विकणे हा दिल्लीत ऊठबस असणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा उद्योग, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हान नदीजवळ लागणाऱ्या मौद्यातही हा समज आहे. पण याच तालुक्यातला धानकरी दिवाळीनंतर आधारभूत खरेदी केंद्रावर आपली पोती काट्यावर चढवतो, तेव्हा तो केंद्र सरकारलाच माल विकत असतो. केंद्रावर पाटी पणन महासंघाची असते, काटा एखाद्या सहकारी संस्थेचा असतो आणि नोंदणी राज्याच्या यंत्रणेची असते. तांदूळ मात्र शेवटी केंद्रीय साठ्याच्या हिशेबात जातो. महाराष्ट्रात विकेंद्रित खरेदी योजना लागू आहे. म्हणजे राज्याने खरेदी करायची, भरडाई करून घ्यायची, तांदूळ रेशनवर वाटायचा आणि ठरलेल्या दराने खर्च केंद्राकडून घ्यायचा.

या व्यवहाराकडे नीट पाहिले, तर सरकारी खरेदीचे सारे व्याकरण त्यात सापडते. भाव हंगामाआधीच जाहीर असतो: 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे 2,369 रुपये, ‘अ’ दर्जाला 2,389 रुपये. प्रत लेखी ठरलेली असते. ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला की धान परत, मग ते कितीही टपोरे असो. नोंदणी आधी करावी लागते, तिला सातबारा लागतो, बँक खाते लागते. त्याच धानाची भरडाई करणाऱ्या गिरणीवाल्यालाही करार करावा लागतो, ठेव द्यावी लागते आणि क्विंटलभर धानामागे 67 किलो कच्चा तांदूळ जमा करावा लागतो. आणि चुकारे? ते नंतर येतात. कधी लवकर, कधी बारदाना, गोदाम, मंजुरी अशा कोणत्या तरी कारणाने रखडत. शेजारचा व्यापारी कमी भाव देतो, पण हातावर देतो. ज्याच्या घरी लग्न आहे किंवा सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे, तो व्यापाऱ्याकडे जातो. ज्याला थांबणे परवडते, तो केंद्रावर जातो.

सरकारचा भाव बहुधा चांगला असतो आणि सरकार दिवाळे काढून पळून जात नाही, पण थांबण्याची किंमत विकणाऱ्याने मोजायची असते. ती किंमत आधी हिशेबात धरली नाही, तर चांगली ऑर्डरही छोट्या उद्योगाला बुडवू शकते. या प्रकरणात सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. बाकी सगळे त्याचा तपशील आहे.

शेजारचा कारखाना, दूरचा नियम

मौद्यात केंद्राचा आणखी एक मोठा खरेदीदार आहे. एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र. पहिल्या टप्प्यात 500 मेगावॉटचे दोन संच, दुसऱ्यात 660 मेगावॉटचे दोन, मिळून 2,320 मेगावॉट. पाणी गोसीखुर्द प्रकल्पातून येते. अशा केंद्राची भूक फक्त कोळशाची नसते. कन्व्हेयरचे पट्टे झिजतात, झडपा बदलाव्या लागतात, राखेच्या नळ्या गळतात. वार्षिक ओव्हरहॉलिंगच्या वेळी मचाण बांधणारे, वेल्डर, फिटर, रंगारी लागतात. वर्षभर गाड्या भाड्याने लागतात, कँटीन लागते, बगिच्याची निगा, वसाहतीची साफसफाई, सुरक्षेचे बूट, हातमोजे, कॉटन वेस्ट, कागद, छपाई लागते.

साहजिकच गावाला वाटते की कारखाना आपल्या जमिनीवर उभा आहे, तर कामेही आपल्याला मिळावीत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची ही अपेक्षा अन्यायाची नाही, आणि रोजगाराच्या बाबतीत ती ठामपणे मांडायलाच हवी. पण पुरवठ्याच्या बाबतीत जवळ असणे ही पात्रता धरली जात नाही. निविदा निघाली की चेन्नईचा आणि चाचेरचा विक्रेता एकाच रांगेत असतात. जवळ असण्याचा खरा फायदा दुसरा आहे. वाहतूक स्वस्त पडते, बिघाड झाल्यावर तासाभरात माणूस पोचतो, कामाची जागा निविदा भरण्याआधी पाहून येता येते. हा फायदा दरात उतरवता आला तरच उपयोगी पडतो, आणि तो उतरवायला मौद्यातले ठेकेदार अनेकदा विसरतात. ते दुसऱ्याचा दर अंदाजाने ओळखू पाहतात, आपला खर्च मांडत नाहीत.

इथे एक कायदेशीर भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. रेल्वे, टपाल, संरक्षण ही केंद्राची खाती. त्यांच्याशी होणारा करार संविधानाच्या 299 व्या अनुच्छेदाप्रमाणे भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने होतो. एनटीपीसी, नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स किंवा मॅंगनीजवाली मॉइल या कंपन्या आहेत. करार कंपनीशी होतो, खरेदीची नियमपुस्तिका कंपनीची असते, निविदेचे संकेतस्थळही वेगळे असू शकते. तरी मालकी मुख्यत्वे सरकारची असल्यामुळे समान वागणुकीचे संविधानिक बंधन त्यांच्यावरही आहे. ते बंधन सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात स्पष्ट केले, तो आपल्या महाराष्ट्रातलाच.

विमानतळावरचे उपाहारगृह

1977 च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर दुसऱ्या वर्गाचे एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने निविदा मागवल्या. अट अशी होती की निविदाकार किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक असावा. काम मिळाले ते कँटीन चालवण्याचा अनुभव असलेल्या एकाला. त्याचा देकार सर्वांत जास्त होता, अनुभवही खरा होता, पण निविदेत लिहिलेली पात्रता त्याच्याकडे नव्हती. याला आव्हान देणाऱ्याने स्वतः निविदा भरलीच नव्हती. त्याचे म्हणणे इतकेच की ही अट सोडली जाणार आहे हे आधी माहीत असते, तर मीही भरली असती.

4 मे 1979 रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी दिलेला निकाल, रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण, आजही प्रत्येक निविदेच्या वादात पुढे येतो. सरकार खासगी दुकानदारासारखे मनाला येईल त्याच्याशी व्यवहार करू शकत नाही. त्याने स्वतः घातलेली अट त्याच्यावरही बंधनकारक आहे. अट मोडून दिलेले काम हा समानतेचा भंग आहे. इतके सगळे मान्य करूनही न्यायालयाने अर्जदाराला दिलासा दिला नाही. तो उशिरा आला होता आणि तोवर ज्याला काम मिळाले त्याने त्यात बराच पैसा घातला होता.

या निकालाचे दोन्ही भाग छोट्या विक्रेत्याने सारख्याच गांभीर्याने घ्यावेत. निविदेतली अट चुकीची, कोणाच्या सोयीसाठी बेतलेली वाटली, तर विचारण्याचा हक्क आहे. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतच अटींना, प्रक्रियेला आणि आपली बोली नाकारली गेल्याला आक्षेप घेण्याची सोय ठेवली आहे. पण तो वेळेत घ्यायचा. बोलीपूर्व बैठकीला जायचे, शंका लेखी द्यायची, पोच ठेवायची. काम दुसऱ्याला मिळाल्यावर महिनाभराने चहाच्या टपरीवर केलेल्या तक्रारीला कोणी उत्तर देत नाही.

पोर्टल आले, आणि काय बदलले

केंद्राच्या खरेदीची मध्यवर्ती यंत्रणा इंग्रजांच्या काळात, 1922 मध्ये उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर तिचे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय झाले. पंख्यांपासून पोलादी कपाटांपर्यंत वस्तूंचे दरकरार हे खाते करायचे आणि देशभरची कार्यालये त्या दराने माल घ्यायची. दरकरारात नाव लागणे हेच अर्धे यश असे. ऑगस्ट 2016 मध्ये गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस म्हणजे ‘जेम’ सुरू झाले आणि 31 ऑक्टोबर 2017 ला ते जुने महासंचालनालय बंद झाले. 2016-17 मध्ये जेमवर 422 कोटी रुपयांची खरेदी झाली होती. 2024-25 मध्ये ती पाच लाख कोटींच्या पुढे गेली.

जेमवर खरेदीच्या पायऱ्या आहेत. अगदी छोटी खरेदी अधिकारी थेट करू शकतो. त्यापुढच्या रकमेला किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराचा घ्यावा लागतो, आणि त्याहून मोठ्या रकमेला बोली किंवा उलटा लिलाव लागतो. 2019 मध्ये या मर्यादा 25 हजार आणि पाच लाख अशा ठरल्या होत्या. त्या अधूनमधून बदलतात, म्हणून विक्रेत्याने चालू आकडा स्वतः तपासावा. मौद्यातल्या नव्या विक्रेत्यासाठी पहिल्या दोन पायऱ्या महत्त्वाच्या आहेत. तिथे अनुभवाचे दाखले आणि उलाढालीच्या अटी फारशा आडव्या येत नाहीत. एखाद्या कार्यालयाला पंचवीस खुर्च्या, शाळेला रंगाचे डबे, पोस्टाला छपाई हवी असते. इथून पुरवठ्याची नोंद तयार होते आणि पुढच्या निविदेत तीच अनुभव म्हणून दाखवता येते.

उलट्या लिलावाबद्दल मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. पडद्यावर दर उतरत असतात, घड्याळ मागे मोजत असते, आणि माणूस काम मिळवण्याच्या ईर्षेने आपल्या खर्चाच्या खाली जातो. ‘एल-वन’ म्हणजे सर्वांत कमी दराचा बोलीदार झालो याचा आनंद दोन दिवस टिकतो. मग मजुरीचा किमान दर, भविष्य निर्वाह निधी, विमा, जीएसटी, डिझेल यांचा हिशेब लागतो आणि कळते की प्रत्येक महिन्याला खिशातून पैसे घालावे लागणार आहेत. काम सोडले तर ठेव जप्त होऊ शकते, पुढे निविदा भरण्यावर बंदी येऊ शकते. मजुरांना कमी पैसे देऊन हा खड्डा भरण्याची वाट काही जण धरतात. ती बेकायदा तर आहेच, पण ज्या गावातल्या पोरांच्या रोजगारासाठी काम घेतले, त्यांचेच पैसे खाणारी आहे. लिलावाला बसण्याआधी आपला तळाचा दर कागदावर लिहून ठेवावा आणि त्याच्या खाली एक रुपयाही जाऊ नये.

सवलती कोणाला, कोणाला नाही

2012 मध्ये केंद्राने सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. आज केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीतली किमान 25 टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची आहे. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, 3 टक्के महिलांकडून. 358 वस्तू पूर्णपणे या उद्योगांसाठी राखीव आहेत. बयाणा रक्कम, जी एरवी अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के असते, ती यांना माफ. निविदेचा संच मोफत. लघुउद्योगाचा दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला, आणि सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असला, तर त्या दरापर्यंत खाली येऊन ऑर्डरचा ठरावीक वाटा घेण्याची संधी त्याला मिळते.

हे धोरण स्वतः बनवलेल्या मालाला आणि स्वतः दिलेल्या सेवेला आहे. नागपूरच्या गांधीबागेतून माल उचलून पुढे देणाऱ्या व्यापाऱ्याला या सवलती नाहीत. बांधकामासारख्या कामांच्या कंत्राटांनाही त्या लागू होत नाहीत असाच अर्थ लावला जातो. मौद्यातले बहुतेक ठेकेदार नेमके याच दोन गटांत मोडतात: कोणी व्यापारी, कोणी मजूर पुरवून काम करणारा. उद्योग नोंदणीचे ‘उद्यम’ प्रमाणपत्र जोडले म्हणजे बयाणा माफ, असे समजून भरलेली निविदा पहिल्याच छाननीत बाद होते. म्हणून निविदेत आधी शोधायचे ते असे: हे काम वस्तू म्हणून काढले आहे, सेवा म्हणून, की काम म्हणून? या एका शब्दावर पुढचे सगळे फिरते.

मला वाटते, मौद्याने व्यापाराकडून उत्पादनाकडे सरकायला हवे, आणि त्याला निमित्त दारात आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांसाठी शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या कोळशाबरोबर जाळण्याचे धोरण काढले. एनटीपीसीने तो प्रयोग आधी उत्तर प्रदेशातल्या दादरी केंद्रात केला होता. मौदा, रामटेक हा धानाचा पट्टा. तणीस आणि कोंडा दोन्ही इथलेच. त्यातले गुरांच्या चाऱ्याला लागते ते सोडून उरलेल्याच्या गोळ्या करणारा शेतकरी गट किंवा बचत गट हा उत्पादक ठरतो, व्यापारी नव्हे. गोळीचा ओलावा, राखेचे प्रमाण, उष्मांक हे सगळे निविदेत लिहिलेले असते. यंत्र घेण्याच्या आधी ते वाचावे, आणि प्रयोगशाळेतून आपल्या गोळीची तपासणी करून घ्यावी.

बिल, पोच आणि पंचेचाळीस दिवस

आता पैशाकडे येऊ. माल पोचला म्हणजे विक्री झाली असे सरकारी व्यवहारात नसते. आधी तात्पुरती पोच, मग तपासणी, मग स्वीकृती. जेमवर स्वीकृतीचा दाखला निघाल्यापासून दहा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. कामांच्या बाबतीत मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, मग बिल, मग लेखा विभाग. बिल अडते ते बहुधा फार साध्या कारणांनी: ऑर्डरवरचे वर्णन आणि बिलावरचे वर्णन जुळत नाही, मजुरांच्या भविष्य निर्वाह निधीची पावती जोडलेली नाही, ठरल्यापेक्षा उशिरा माल दिला आणि मुदतवाढ लेखी घेतली नाही. उशिराबद्दल आठवड्याला साधारण अर्धा टक्का कापण्याचे कलम बहुतेक करारांत असते.

सगळे बरोबर असूनही पैसे आले नाहीत तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. खरेदीदाराने करारात काहीही लिहिले तरी सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या पुढे ठेवता येत नाहीत. ठेवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे करायची, आणि 2017 मध्ये ‘समाधान’ पोर्टल आल्यापासून ती ऑनलाइन, घरबसल्या करता येते. परिषदेच्या निवाड्याला न्यायालयात आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. इतके दात असलेला कायदा क्वचितच असतो. पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीवर हक्क सांगताना अनेकांचे दावे अडकले आहेत. आणि कामाच्या कंत्राटांना हा कायदा लागू नाही असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत, तेव्हा ठेकेदाराने त्याच्या भरवशावर राहू नये.

तक्रार केली तर पुढचे काम मिळणार नाही, ही भीती खरी आहे आणि ती बाळगणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्यासाठीच दुसरी वाट उपयोगी आहे. ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेत खरेदीदाराने मान्य केलेले बिल बँका बोली लावून विकत घेतात. विक्रेत्याला थोडी कसर सोडून पैसे लगेच मिळतात, आणि खरेदीदाराने पुढे पैसे दिले नाहीत तरी बँक विक्रेत्याच्या मागे लागत नाही. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना या व्यवस्थेत नाव नोंदवणे बंधनकारक केले आहे. त्याचा वापर आपल्याकडे फार कमी लोक करतात.

किती थांबावे लागते याची मोठी साक्ष नागपुरातच आहे. सोलर समूहाच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या कंपनीने डीआरडीओकडून मल्टी-मोड हातबॉम्बचे तंत्रज्ञान 2016 मध्ये घेतले. मग मैदानात, वाळवंटात, उंच बर्फाळ भागात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात चाचण्या झाल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये दहा लाख बॉम्बचा, सुमारे 409 कोटींचा करार झाला आणि 24 ऑगस्ट 2021 ला संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांच्या उपस्थितीत पहिली खेप नागपुरात लष्कराच्या हाती दिली गेली. तंत्रज्ञान ते खेप, पाच वर्षे. या कंपनीकडे तोवर खाणींना लागणाऱ्या स्फोटकांचा चालता धंदा होता, म्हणून ती थांबू शकली.

मौद्यातल्या कोणाकडे तेवढे भांडवल नाही, पण धडा तोच घ्यावा. सरकारी ऑर्डर घेताना किमान तीन महिन्यांचा खर्च, मजुरीसह, आपल्या हाताशी असावा आणि एकूण धंद्यातला निम्म्याहून अधिक भाग एकाच सरकारी खरेदीदारावर अवलंबून नसावा. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे, पण तो पाळणारे टिकतील असे मला वाटते.

सुरुवात करायची असेल तर नागपूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात किंवा सेमिनरी हिल्सवरच्या केंद्रीय एमएसएमई कार्यालयात जाऊन विक्रेता विकास कार्यक्रम कधी आहे ते विचारा. तिथे वेगवेगळ्या उपक्रमांचे खरेदी अधिकारी समोर बसतात आणि कोणत्या वस्तूला पुरवठादार मिळत नाही ते सांगतात. पॅन, आधार, बँक खाते आणि गरजेप्रमाणे जीएसटी क्रमांक तयार ठेवा. उद्यम नोंदणी सरकारच्या पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, जेमवरची विक्रेता नोंदणीही स्वतः करता येते. ती ‘करून देतो’ म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल, तर देऊ नका.